हुबेहूब माझा आवाज

ती. आई, लांबूनच पाया पडते.

मी ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर. बाबांचा गुडघा कसा आहे?

शेजारच्या देशात लढाई पेटल्यापासून तिकडचं आकाश बंद आहे. प्रवासी विमानांना रेडिओवरून वाट सांगून त्या हद्दीपासून लांब ठेवायचं, हे माझं काम. काल दुपारी एका वैमानिकाने विचारलं, “मॅडम, डावीकडे वळायला तुम्हीच सांगितलंत ना?”

डावीकडे तर लढाई! मी तोंडही उघडलं नव्हतं.

“नाही, सरळ चला,” मी म्हणाले. लगेच रेडिओवर एक बाई शांतपणे म्हणाली, “डावीकडे वळा.” आवाज हुबेहूब माझा.

वैमानिक गोंधळला. मी म्हटलं, “सकाळी जाताना मुलगी झाल्याचं तुम्ही जिला सांगितलंत, ती मी.”

तो सरळ गेला. सगळे सुखरूप उतरले. पण त्यानंतर तो आवाज हळूच म्हणाला, “अभिनंदन.”

तू काळजी करू नकोस. फक्त माझा फोन आला, की आपल्या दोघींनाच ठाऊक असलेलं काहीतरी आधी विचार. काय, ते इथे लिहीत नाही. उत्तर चुकलं, तर मी कितीही रडले तरी फोन ठेवून दे.

तुझीच,
धाकटी