रस्त्यापलीकडून बघायची भिंत

आबा, तुमची भिंत मी काल लाल केली. पाडायच्या बांधकामांना लाल रंग द्यायचा, असं वरून ठरलंय. धुळ्यातला आपला बाजाराचा रस्ता रुंद होतोय, आणि त्यात काय काय जाणार ते दुकानदारांना समजेल असं दाखवायचं काम माझ्या वाट्याला आलं.

तिपाईवरचं यंत्र लेसरचे किरण टाकून अख्खा रस्ता मोजतं, आणि माझ्या स्क्रीनवर येतात ते नुसते ठिपके. नवख्याला त्यात दुकान दिसत नाही, धुरळा दिसतो. नको ते पुसून, रंग देऊन तो धुरळा माणसाला कळेल असा करायचा, यावर माझं पोट चालतं. तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवायचात तेव्हा मी अक्षरांना नाक लावून बसायची. तुम्ही वैतागायचात, "आठून काय देखस? रस्तानं तिकडे जाय, तठून देख. गिऱ्हाईक तठूनच देखस." मी टर्पेंटाइनच्या वासासकट पलीकडे जायची, वळायची, आणि पाटी एकदम वाचता यायची.

काल बाकीच्या रस्त्याला कुठला रंग चांगला दिसेल ते बघत होते. आधी उंचीप्रमाणे दिला. मग, जिथून लेसरचा उजेड जास्त परत येतो ते उजळ, असं करून पाहिलं, तर कोपऱ्यावरच्या कापडदुकानाच्या भिंतीवर तुम्ही रंगवलेली अक्षरं वर आली. डोळ्यांना ती केव्हाच दिसेनाशी झालीत, तुम्ही गेलात त्याच्याही आधीपासून. पण यंत्राला उडालेल्या रंगातला फरक कळला. तुमचा तो पोट सुटलेला 'ळ' बघून मी हसले, आणि मग रडू आवरेना. नंतर लाल रंग दिला. अक्षरं त्यात बुडाली.

आज दुकानदारांच्या बैठकीत पडद्यावर तो रस्ता दाखवला, तेव्हा त्या दुकानाचे म्हातारे मालक पुढे आले. आजवर कागदावरचे नकाशे दाखवले की ते नुसती मान डोलवायचे. "बेटा, हाई लाल शे ते मन्हंच दुकान ना? बठ्ठं जाई?"

"हो काका, मागच्या भिंतीपर्यंत."

ते तिथेच खाली बसले. साहेब म्हणाले, "छान, आता सगळ्यांना कळतंय." मला माझ्या कामाचा एवढा राग कधी आला नव्हता.

हे पत्र खणातच राहणार. भिंत अजून उभी आहे, ऑफिसातून चालत जाण्यासारखी. तरी मी तिच्यासमोर, रस्त्यापलीकडे, जाऊन उभी राहिलेली नाही. तिथून मला काहीच वाचता येणार नाही याची भीती वाटते, आबा.