घर मुलींना, आणि एक राहिलेला प्रश्न

मी, श्रीमती मनकर्णाबाई जगदेव अवचार, वय वर्षे चौसष्ट, राहणार वाशीम, जिल्हा अकोला, येथील महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाची पंधरा वर्षे पर्यवेक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉ. गोविंदसिंग राठोड यांनी मला पाच प्रश्न विचारले. मी त्यांना अकरा विचारले. त्यांनी दाखला लगेच लिहून दिला. याआधी तोंडी काही कबूल केले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. मालेगावजवळची दोन एकर जमीन माझा पुतण्या रामकिसन याला द्यावी. तो ती मनापासून कसतो. घर मात्र त्याला नाही. घर मुलींना राहायला देणार असे कळताच तो आला आणि म्हणाला, "काकू, कोनत्या कोनत्या पोरी ठेवसान? अन् मंग आपल्या हिरीचं काय?" विहिरीचे काय होणार होते, असे मी त्याला तीनदा विचारले. तो बैलांबद्दल बोलू लागला. त्याला ऐकू चांगले येते, पण सोयीचे तेवढेच येते, म्हणून हे लेखी देत आहे.

कलम २. शिवणयंत्र लिलाबाईला. तिने वसतिगृहात पंधरा वर्षे भाकरी थापल्या. तिला साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस होती, पण ज्याला काही मिळणार त्याने सही करू नये असे वकील म्हणाले. तिने क्षणभर विचार केला आणि यंत्र निवडले.

कलम ३. माझ्या सात वह्या. मला लहानपणापासून विचारायची खोड आहे. वसतिगृहात आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या आठवड्यात समोर बसवून विचारत असे: घरी काय नावाने हाक मारतात, कशाची भीती वाटते, आईच्या हातचे काय आवडते. शिरपूरच्या जैन घरातली, तांड्यावरची, कुणब्याची, बौद्ध वस्तीतली, सगळ्या एका छपराखाली आल्या होत्या, आणि माझे वसतिगृह म्हणजे सगळ्यांचे घर असे मी प्राचार्यांना मोठ्या ऐटीत सांगत असे. या वह्यांतील पाने सोडवून ज्या मुलीचे पान असेल तिला पोचवावे. स्वतःबद्दल काय लिहिले आहे ते तिने वाचावे.

एक पान मात्र मी आधीच दिले. ते बेबीताई भिवाजी पडघान हिचे. ती १९६३ साली आली आणि आता याच महाविद्यालयात इतिहास शिकवते. तिच्यावर मी दोन्ही बाजू भरून लिहिले आहे. त्यात एक ओळ अशी: "जेवणानंतर रांजणावर सर्वांना आधी पाणी घेऊ देते, स्वतः शेवटी पिते. फार शालीन मुलगी." हे मी नुसते लिहिले नाही, सगळ्यांसमोर तिचे कौतुक केले आणि बाकीच्यांना म्हणाले, हिच्याकडून शिका.

यंत्राचे कलम वाचून दाखवले तेव्हा लिलाबाई जुन्या गोष्टी काढून बसली आणि सहज बोलून गेली की बेबीला पहिल्याच दिवशी चार पोरींनी बजावले होते, आमचे झाल्याबिगर रांजणाला हात लावू नको. "तू मला का नाही सांगितलेस?" असे मी विचारले. ती म्हणाली, "तुमाले मालूम हाये असंच वाटे आमाले. तुमी तं तिची तारीफ करत होत्या."

त्या दिवशी मी जेवले नाही. लाज वाटली, आणि ती अजून वाटते. साऱ्या तालुक्यातली चौकस बाई मी, आणि एवढे एक विचारायचे राहिले.

कलम ४. माझे चार खोल्यांचे घर, विहिरीसह, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींना राहण्यासाठी द्यावे. पहिल्या मसुद्यात "फक्त बौद्ध मुलींसाठी" असे लिहून मी बेबीताईला व्यवस्थापक नेमले होते. गेल्या रविवारी तिला बोलावून तो वाचायला दिला, आणि चौदा वर्षे उशिरा का होईना, रांजणाचे विचारले.

ती म्हणाली, "तवा विचारलं असतं तं म्या खोटंच सांगतलं असतं, बाई. मले बी.ए. करायचं होतं."

"मग मी काय करायला हवे होते?"

तिने उलट मलाच विचारले, "तुमी कोनतं पाणी पेत होत्या?"

मला कोणी प्रश्न विचारायची सवय नाही. माझा पितळी तांब्या माझ्या खोलीत भरून ठेवलेला असे. पंधरा वर्षांत त्या रांजणातले पाणी मी एकदाही प्यायले नाही. तो बाईंचा मान आहे असे मी समजत होते. तिला मी हे सगळे सांगितले.

"माह्यामागून एक डाव तुमी पेल्या असत्या," ती म्हणाली, "तं पोरीयनं पाह्यलं असतं."

मग तिने माझाच पेन घेऊन "फक्त बौद्ध" हे शब्द खोडले. वेगळे घर कशाला, रामकिसनच्या पोरीलाही इथेच ठेवा, माझी भाची येणार आहे तिच्याच खोलीत, असे बेबीताई म्हणाली. व्यवस्थापक होशील का, असे मी विचारले. ती म्हणाली, "होतो. पन तुमी मरायची वाट कोन पाहीन? जूनमधी पोरी आनतो मी. तुमी याच घरात राह्यचं, त्यायच्यासंग जेवायचं."

वकिलांच्या मते असे मृत्युपत्र होत नाही, ते मृत्यूनंतरच अमलात येते. त्यांचे म्हणणे बरोबर असेल. तरी कलम १ ते ३ माझ्या मागे लागू व्हावीत, आणि कलम ४ येत्या २० जूनपासून, मी असताना. त्या दिवशी सहा मुली येणार आहेत. त्यांना काय विचारायचे ते मी अजून ठरवलेले नाही. पंगतीत शेवटी बसायचे एवढे ठरले आहे.

वाशीम, ता. ११ मे १९७७, बुधवार.

सही: मनकर्णाबाई जगदेव अवचार

आमच्यादेखत वाचून सही केली:
१. डॉ. गोविंदसिंग राठोड, वाशीम
२. सेवालाल चव्हाण, निवृत्त ग्रंथपाल, कारंजा लाड

व्यवस्थापक म्हणून कबूल: बेबीताई भिवाजी पडघान