सातवी ताटलीही कोरी

धुळे, ३ एप्रिल २०२५

ती. विशाखाफुईस,
प्रज्ञाचा सादर जय भीम, वि. वि.

फोन केला की लिहून पाठव म्हणून तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. माझा एम.एस्सी.चा प्रकल्प बुडाला आहे.

नाना शिंदखेड्याच्या शेतात गवती चहा लावून त्याचं तेल काढतात, हे तुला ठाऊक आहेच. त्या तेलाने कॅन्डिडा नावाची बुरशी मरते का, हे मी पाहत होते. बाळांच्या तोंडात, कातडीच्या घड्यांत होते तीच ही. सात ताटल्यांत बुरशी पेरली. सहांत तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवली, सातवीत बिनतेलाची. सहांत काहीच उगवलं नाही, मला नाचावंसं वाटलं. सातवी उघडली तर तीही कोरी! तिच्यात तर दाट बुरशी हवी होती. माझ्या मार्गदर्शक रूपाली मॅडम म्हणाल्या की बुरशी मुळातच मेलेली होती, तेलाने काहीच केलेलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आता विषय सोड आणि पुढच्या वर्षी नव्याने नाव नोंदव म्हणतात. प्रबंधाची शेवटची तारीख २८ एप्रिल.

नानांना सांगायचा धीर नाही. ते गावभर सांगत फिरतात की बठ्ठा रोगसवर हाईच औषध शे, मनी पोर लिखी दी. सगळ्या रोगांवर औषध, आणि तसं लिहून देणार मी!

तुझी,
प्रज्ञा

जळगाव, ६ एप्रिल

चि. प्रज्ञास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रडणं पानभर आणि कृती चार ओळी! नशिराबादच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. आठवीची पोरं यापेक्षा नीट लिहीत.

माझा अंदाज असा की पेरायची सुई तू तापलेलीच बुरशीत बुडवलीस आणि बिचारीला भाजून मारलंस. घाई तुमच्या घरातच आहे. तुझ्या नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, युवराजने, मागच्या महिन्यात बोटांच्या बेचक्यात खाज सुटली म्हणून हेच तेल निव्वळ चोपडलं आणि कातडी सोलून घेतली. युवराजला मी कळवलं आहे की चमचाभर खोबरेलात एखादा थेंब, त्याहून जास्त नाही, पोटात तर मुळीच घ्यायचं नाही, आणि खाज थांबली नाही तर मुकाट्याने डॉक्टर गाठायचा.

ताटल्या कुठे ठेवल्या, कशात, किती तास, झाकण कसलं, ते सगळं लिही. तोवर विषय सोडते असं कुणालाही म्हणायचं नाही.

शुभ इच्छिणारी,
विशाखा

धुळे, ९ एप्रिल

ती. फुईस सादर जय भीम.

सुई थंड केली होती, दोन्ही वेळा. त्याच नळीतली बुरशी माझ्या मैत्रिणीने, मृणालीने नेली. तिच्या ताटलीत ती दह्यासारखी दाट आली. म्हणजे मी खुनी नाही, हे आधी लिहून घे.

कॉलेजचं उबवणी यंत्र महिनाभर बंद आहे. पण धुळ्यात सध्या यंत्र हवंय कुणाला? माझी खोलीच दुपारी सदतीसवर असते. मुंग्या शिरू नयेत म्हणून सातही ताटल्या भाकरीच्या स्टीलच्या डब्यात एकावर एक रचल्या, झाकण घट्ट लावलं आणि दोन दिवसांनी उघडलं. तुझ्या आठवीच्या पोरांना मुंग्या नसतील. डबा उघडला तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, चहा टाकलास का म्हणून.

आता काय करू?

प्रज्ञा

जळगाव, १२ एप्रिल

चि. प्रज्ञास आशीर्वाद.

खुनाचा आरोप मागे घेते. चूक माझी.

अगं, काकूंच्या नाकाला कळलं ते तुझ्या मॅडमना आणि तुला कसं कळलं नाही? काचेच्या ताटलीचं झाकण नुसतं टेकलेलं असतं, आत हवा जाते. बंद डब्यात तेलाची वाफ कोंडली आणि सातवीतही शिरली. तेलाचा थेंब न लागता बुरशी थांबली, पोरी! याहून मोठं काय हवंय तुला?

नुसतं असं म्हणून भागणार नाही. तीन डबे घे. पहिल्यात ताटली एकटी, दुसऱ्यात पाण्याचा बोळा, तिसऱ्यात तेलाचा बोळा बाटलीच्या टोपणात, ताटलीपासून लांब. तिसरा मृणालीच्या घरी, म्हणजे वाफ बाकीच्या दोघांत शिरायची नाही. असं तीनदा कर. डबे उघडायच्या आधी, काय दिसेल ते कागदावर लिहून पाकीट मला टाक. मी फोडणार नाही. टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते, मागाहून जुळवलंस असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

हे पत्र पोचेतो चौदा तारखेची मिरवणूक होऊन गेलेली असेल. पाय दुखतात म्हणून बसू नकोस, आधी डबे लाव.

तुझ्या यशाची वाट पाहणारी,
विशाखा

धुळे, ३ मे

ती. फुईस प्रज्ञाचा त्रिवार जय भीम!

काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक पंडित सर होते. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला की मूळ प्रयोग फसल्यावर वाफेची गोष्ट रचली कशावरून नाही. मॅडमनी खाली पाहिलं. मी तुझ्याकडून परत आलेलं बंद पाकीट पुढे ठेवलं. सरांनी चष्मा लावून शिक्क्यावरची तारीख वाचली, डबे उघडल्याच्या नोंदीशी ताडून पाहिली आणि मग पाकीट स्वतः फोडलं. एकट्या ताटल्या दाट, पाण्याच्या दाट, तेलाच्या वाफेतल्या तिन्ही कोऱ्या. नऊच्या नऊ, लिहिल्याप्रमाणे!

मग विचारलं की आता हे औषध म्हणायचं का. मी म्हटलं, ताटली आणि माणूस एक नाही, तेवढं मी सिद्ध केलेलं नाही. नानांच्या जाहिरातीचं नुकसान झालं, पण सर हसले आणि मला 'अ' श्रेणी मिळाली. नाना ऐकून म्हणाले, वाफ तर वाफ, शेत तर मनंच शे.

मॅडमनी मला थांबवून घेतलं. चुकले म्हणाल्या. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव होतं, त्याखाली त्यांनी स्वतःच्या पेनने लिहिलं: आणि श्रीमती विशाखा शिरसाठ, जळगाव.

माया आहे तशीच असू दे.

प्रज्ञा

जळगाव, ६ मे

चि. प्रज्ञास आशीर्वाद.

मला न विचारता नाव घातलंत. ही रीत नव्हे.

त्या पानाची प्रत ताबडतोब पाठव. मोबाइलवरचा फोटो नको, कागद हवा. चौकटीचं माप घेऊन ठेवलं आहे, बाहेरच्या खोलीतला खिळाही ठोकून झाला.

तुझी फुई,
विशाखा