डोकेदुखी, सतरा-ब

३ ऑगस्ट १९७८
हेड ऑफिसने आता आजारांनाही नंबर दिले! खाणीत ट्रकला नंबर, मजुराला नंबर, मग खोकल्यानेच काय पाप केलं? नंबर नसेल तर दवाखान्याचं बिल परत. बिलं तपासणारे हिरालालबाबू नंबरांची पुस्तिका नातवासारखी कडेवर घेऊन फिरतात. डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, आधी नंबर, मंग नाडी." खाणीच्या या दवाखान्यात कारकून मी एकटीच, म्हणजे नंबर टाकायचे मी.

५ ऑगस्ट
जुलाब – नऊ. बाळंतपण – तीस. शकुनबाई दाईने विचारलं, "जुळे झाले तं साठ लिहितेस का वो?" हसून हसून पोट दुखलं. पोटदुखी – अकरा.

९ ऑगस्ट
ड्रिलवरचा टिकाराम पोरीला घेऊन आला. सत्यवती, जेमतेम पाचची. "सकाळी उठली का डोकं धरते, मंग ओकते. पहिले असं नव्हतं जी." डॉक्टरांनी बॅटरी मारून तिचे डोळे पाहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "नागपूरला न्यायला पाहिजे. लवकर."
मी पुस्तिका उघडली. डोकेदुखी, लहान मूल, नवीन – सतरा-ब. मंजूर काय? गोळ्या आणि 'निरीक्षण'! नागपूर नाही, जीप नाही.
हिरालालबाबू म्हणाले, "शाळा चुकवाले करून राहिली असंन." पोरगी अजून शाळेत जातच नाही! पण ऐकतो कोण. परवानगीसाठी पत्र गेलं.

१६ ऑगस्ट
उत्तर नाही. टिकाराम रोज दारात – "अजून आलं नाही काहून, बाई?" डॉक्टर चिडतात आणि आणखी एक पत्र लिहितात. मोठे शूर!

२१ ऑगस्ट
उत्तर आलं. म्हणजे प्रश्न आला – "नवीन डोकेदुखी म्हणजे किती नवीन?"
सत्यवती आज चालता चालता दाराच्या चौकटीला धडकली. रडलीही नाही.
मी सतरा-ब खोडला. एक्केचाळीस लिहिला – डोक्यात गाठ. आपल्या मनाने! त्याला जीप मिळते. कागद डॉक्टरांपुढे सरकवला.
"गाठ आहे हे मला इथे बसून कसं कळणार?"
"मले तरी कुठं कळते, साहेब? सही करा."
केली! बाप-लेकीला घेऊन जीप नागपूरसाठी तुमसरच्या रस्त्याला लागली. मागे चिखलात हिरालालबाबू, धोतर सावरत – "नंबर चुकला! नंबर चुकला!"

२५ ऑगस्ट
नागपूरहून डॉक्टरांना फोन. गाठ आहे. खरोखरची. उद्या ऑपरेशन.
"मंग नंबर बराबर होता नं," हिरालालबाबू म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी घेतला नाही.

३१ ऑगस्ट
टिकाराम कपडे न्यायला आला होता. गाठ काढली. पोरगी वाचली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली, तर – "बाबा, दिवा काहून नाही लावला?"
भर दुपार होती म्हणे.