कुंपण अजून उभं आहे

प्रिय ब्रिजिदा,

काल तुझा नवरा टोपी हातात घेऊन माझ्या दारात उभा होता. म्हणाला, "ओर्सोला, नोव्हेंबरातला सेंट मार्टिनचा सण होऊन गेला, बर्फही पडलं, आणि तुझ्या कुरणाचं कुंपण अजून उभंच! वयानं विसरायला होतं गं. माणसं पाठवू का काढायला?" मी म्हटलं, "पाठव की. कुत्रा मोकळाच आहे." कॉफीसुद्धा विचारली नाही मी त्याला.

आपल्या गावात याचा कागद कधीच झाला नाही. पहिल्या बर्फाआधी ज्यानं त्यानं आपलं कुंपण काढायचं आणि वरून स्की करत येणाऱ्यांना वाट द्यायची, एवढंच. माझं कुरण नेमकं उताराच्या गळ्याशी. ते बंद झालं की तुझ्या हॉटेलच्या दारापर्यंत कुणी घसरत येणार नाही. स्की खांद्यावर टाकून, धापा टाकत चालत येईल. नाताळात तुझे मिलानचे पाहुणे कसे दिसतील, ते मी रोज सकाळी डोळ्यांसमोर आणते. कॉफीला साखर लागत नाही.

आजवर ते कुंपण माझा नवरा बास्तियान काढायचा, कुणी न सांगता. उन्हाळ्यात तुझे पाहुणे ज्यांच्या भरवशावर डोंगर चढतात, ते दगडांवरचे लाल-पांढरे पट्टेही त्याचेच. गुडघे गेले तरी रंगाचा डबा सुटला नाही. मी ओरडायची, "अरे, आधी घरच्या खिडक्या रंगव!" तो म्हणायचा, "खिडकीत कुणी वाट चुकत नाही."

फेब्रुवारीत तो गेला. आपल्याकडे माणूस गेला की चर्चची घंटा वाजते आणि सगळे हातातलं काम टाकून आपापल्या दारात येतात. तुझ्या वडिलांसाठी आम्ही दोघं थंडीत उभे होतो. त्या सकाळी मी दारात थांबले. घंटा नाहीच. शेवटी मीच चर्चमध्ये गेले. घंटा वाजवणारा तोनी मान खाली घालून म्हणाला, "काकू, ब्रिजिदाबाईंचा निरोप आलाय. हॉटेल भरलंय, सुट्टीवर आलेल्यांना मरणाची घंटा कशाला ऐकवायची? पुढच्या आठवड्यात वाजव म्हणाल्या." पुढच्या आठवड्यात स्कीच्या शर्यती होत्या. मग विषयच मिटला. तू फुलं मात्र केवढी पाठवलीस! फुलांचा आवाज होत नाही ना.

शाळेत सिस्टर एउफेमिया क्षमेचा धडा घ्यायच्या तेव्हा आपण एकाच बाकावर होतो. तू तो पाठ केलास. मी खिडकीबाहेर बघत होते.

तर आता ऐक. येत्या रविवारी, तुझे पाहुणे नाश्त्याला बसलेले असताना, बास्तियानची घंटा वाजली पाहिजे. दोर तोनीनं नाही, तू ओढायचा. पुरुषासाठी वाजवतात तशी, थांबून थांबून. हात सोलतील, सोलू देत. कोण गेलं असं कुणी विचारलं, तर नाव सांगायचं, तेही मोठ्यानं. मी दारात उभी असेन. कुंपणाचं काय करायचं, ते घंटा ऐकल्यावर ठरवीन.

तुझीच, दुर्दैवानं अजूनही शेजारीण,
ओर्सोला