मान वाकवली की येणारं वारं

नांदूरघाट, ९ मे २०२४

चि. सौ. विजयमालेस दादाचे अनेक आशीर्वाद.

चैत्री पुनवेच्या सकाळी मी लेकीला, आपल्या संस्कृतीला, भैरोबाच्या पाया पडायला नेलं. तिनं मान वाकवली आणि मानेपासून टाचेपर्यंत थरारली, वीज उतरावी तशी. देवच आला असं समजून मीच तिच्या कपाळी गुलाल लावला. तेव्हापासून मान वाकवली की हेच होतं.

आता दर मंगळवारी ओसरीवर माणसं येतात. धुपानं खोली तापली की तिला अंधुक दिसतं, डावा पाय बधिर पडतो, आणि ती काहीबाही सांगते. साखराबाईची म्हैस तिनं सांगितलेल्या ओढ्यातच सापडली. पुजारी हरिबा म्हणतो, वीस वर्षांची पोर, पण वारं लई कडक हाय. परवा मात्र ती हळूच म्हणाली, की आबा, देव गेल्यावरही पाय माझा होत नाही.

फोनवरचं घरात सगळे ऐकतात, म्हणून लिहितो. तू नर्स आहेस. काय समजू?

दाजींना नमस्कार, लेकरांना पापा.
दादा


नाशिक, १६ मे २०२४

ती. दादास विजूचा शि. सा. न. वि. वि.

लहानपणी माझी चप्पल लपवून तू भुताचं नाव घ्यायचास, म्हणून आधी हसू आलं. नंतर पत्र पुन्हा वाचलं.

आमच्या वॉर्डात अशाच एक बाई होत्या. मान वाकवली की झटका, उकाड्यात नजर अंधुक. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता. रोगाशी लढणाऱ्या आपल्याच पेशी मेंदूवर आणि मणक्यातल्या नसांवर उठतात. तिथं दाह होतो, नसेवरचं आवरण सोललं जातं, पायाला निरोप पोचत नाही. संस्कृतीला तेच आहे, असं इथून म्हणत नाही. म्हशीचंही मला कळत नाही. पण तोच असला, तर दाहाच्या प्रत्येक हल्ल्यात पायातलं, नजरेतलं थोडं कायमचं जाऊ शकतं. तिला धुपात बसवू नकोस, बीडला ने. हरिबा ओरडला तर ओरडू दे.

लहान तोंडी बोलले, राग धरू नकोस.
विजू


बीड, २४ मे २०२४

चि. सौ. विजूस आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस देव्हाऱ्यात ठेवलं होतं. मंगळवारी माणसं जमली, तेव्हा हात जोडून सांगितलं, की पोर आजारी आहे, आता ती बसणार नाही. हरिबानं विचारलं, देवाला घालवायलास का बे. मी गाडी काढली.

मांजरसुंब्याजवळ ती पाण्याची बाटली उचलायला वाकली, थरारली, आणि जड आवाजात तिनं मला नावानं हाक मारून विचारलं, की अजिनाथ, मला कुठं नेतोस. विजू, तो आवाज माझ्या लेकीचा नव्हता. मनात भैरोबाची माफी मागितली, पण गाडी वळवली नाही.

एमआरआयमध्ये पांढरे डाग निघाले. डॉक्टर म्हणाले, तोच आजार, दाह अजून चालू आहे. पाच दिवस सलाईनमधून औषध, पुढं हल्ले कमी व्हावेत म्हणून कायमचं वेगळं. गेलेलं किती परत येईल, ते सांगत नाहीत.

संमतीच्या कागदावर संस्कृतीनं सही केली. खाली नातेवाइकाची जागा होती. नातं विचारलं होतं, तिथं मी बाप असं लिहिलं आणि सही केली.

तुझा,
दादा