गाडीच्या पाठीवरची अक्षरं

ती. दाजी,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? बदलीच्या ऑफिसात लिफ्ट आहे म्हणे, म्हणजे निम्मी काळजी मिटली. इकडे ताई बरी आहे, गाडीही बरी आहे. (तुमच्या पत्रात गाडीची चौकशी आधी होती, हे ताईच्या लक्षात आलंय.) मी हात लावीन ते बिघडतं अशी घरात माझी ख्याती. तरी चार महिन्यांसाठी किल्ली तुम्ही माझ्याच हाती दिलीत, हे मी विसरलेलो नाही. दर रविवारी गाडी धुतो आणि उगाच कुठे नेत नाही.

तर परवा आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर एक गाडी येऊन थांबली. पाठीवर कंपनीचं चिन्ह नाही, मॉडेलचं नाव नाही, नुसता गुळगुळीत पत्रा. बॅज मुद्दाम काढलेला. माझ्या डोक्यात एकदा किडा वळवळला की जेवण जात नाही, तुम्ही जाणताच. मालक चष्म्याची काडी बसवायला आत आला, तेव्हा विचारून घेतलं. (काम दोन मिनिटांचं होतं, मी वीस लावली.) म्हणाला, गाडी महागातली आहे, लोकांच्या डोळ्यांवर येते. मग मी पार्किंगमध्ये जरा फिरलो. एका मास्तरांनी बॅज काढला होता, कारण गाडी स्वस्तातली, ते कुणाला कळू नये. म्हणजे कारणं उलटी आणि गाड्या सारख्याच बोडक्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंना अक्षरांच्या फटीतला मळ बघवत नाही. आणि गॅरेजवाला म्हणतो, निम्मे लोक शेजाऱ्याने काढला म्हणून काढतात. एवढं हिंडूनही अक्षरांच्या खाली असतं काय, ते कुणी धड सांगेना.

बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. खाली काय असतं ते मला आता कळलंय. हेअर ड्रायरने अक्षरं गरम करायची आणि मागून जाड दोरा करवतीसारखा ओढायचा, अलगद सुटतात. गाडी तुमचीच होती. एकच अक्षर काढणार होतो, पण उरलेलं नाव भलतंच दिसायला लागलं, म्हणून सगळीच काढली. एकही तुटलेलं नाही, डबीत कापसावर ठेवलीत. पण दाजी, टॉप मॉडेलच्या त्या अक्षरांखाली जुन्या गोंदाच्या खुणा निघाल्या, त्या साध्या मॉडेलच्या नावाच्या. मी आधी स्वतःचा चष्मा पुसला, मग पुन्हा पाहिलं. आमच्यापुढे तुम्हाला असं काही करावंसं वाटलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. ताईला यातलं काही कळणार नाही, निश्चिंत असा.

ता. ता. क. पोस्टात टाकते म्हणून ताईने पत्र घेतलं आणि वाचलं. मला वाटलं, आता संपलं. पण ती म्हणाली, तिला हे गाडी आली त्याच आठवड्यापासून ठाऊक आहे. तुमची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती, ती तिनेच तेल लावून सोडवली आणि कशाने चिकटली ते विचारलं नाही. माहेरच्यांपुढे तिची मान खाली जाऊ नये म्हणून केलं असणार, म्हणाली. हे तुम्हाला कळवू नकोस असंही बजावलंय. (माझ्या पोटात काही राहत नाही.) आणि तुम्ही यायच्या आत अक्षरं होती तश्शी लावून ठेव, असा हुकूम आहे. तेव्हा कोणता गोंद वापरला होता, तेवढं उलट टपाली कळवा.